दोन जागा, नाहीतर एकही नाही

मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरच्या काठावरच्या त्या छोट्याशा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कोरीन कामाच्या पहिल्याच दिवशी घसरली. सगळं आयुष्य लुइझियानात गेलेलं; बर्फ तिला ठाऊक होता तो फक्त ग्लासातला. दोन्ही पाय पुढे गेले, कॉफी उडाली... आणि मागून कुणीतरी तिच्या कमरेचा पट्टा गच्च धरला.

तो पट्टा फिजिओथेरपिस्टच्या रोजच्या कामातला. पेशंटला चालवताना त्याच्या कमरेला बांधायचा, मागून धरून ठेवायचा. काम नसेल तेव्हा स्वतःच्याच कमरेला गुंडाळून फिरायचं.

"घाबरू नका, मी धरलंय," मागचा आवाज म्हणाला. अगदी पेशंटशी बोलावं तसा!

"सोडा."

"सोडलं तर पडाल."

"पडले तर उठेन. सोडा म्हणते ना!"

त्याने सोडलं. ती पडली.

बर्फात बसूनच तिने वर पाहिलं. उंच माणूस, लालसर दाढी, मोठ्या कष्टाने दाबलेलं हसू. त्याच्याही कमरेला तसाच पट्टा.

"मी थॅड. आयडाहोहून आलोय, आजच," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून सोडलं हं..."

त्याने पुढे केलेला हात न घेता ती आपली आपण उठली. कपडे झटकून ताठ मानेने आत गेली. पण सांगितल्यावर खरोखर सोडणारा माणूस तिला फार दिवसांनी भेटला होता, आणि ही गोष्ट दिवसभर तिच्या मनातून जाईना.

दोघंही फिरते थेरपिस्ट. एजन्सी पाठवील त्या गावी जायचं, तेरा आठवड्यांचा करार संपला की बाडबिस्तरा गाडीत टाकून पुढच्या गावी. कोरीनची एजन्सी वेगळी, थॅडची वेगळी. तिच्या एजन्सीतली शेल्बी फोनवर नुसती साखर पेरायची. "राणी, तुझ्यासाठी काय सुंदर काम काढलंय म्हणून सांगू!"

या साखरेला कोरीन एकदा फसली होती. अ‍ॅरिझोनातला तिचा पहिला करार. आठवड्याचा आकडा एवढा मोठा, की तिने आनंदाने सही ठोकली. नंतर कळलं, त्यातली खरी ताशी मजुरी अगदी चिमूटभर. बाकीचा सगळा घरभाडं नि जेवणाचा भत्ता. घरापासून लांब राहतो म्हणून त्यावर कर नाही, एवढंच त्याचं कौतुक. जादा तास मरमर राबली, तर त्याचे पैसे चिमूटभर मजुरीच्या हिशेबाने. पेशंट कमी झाले, तास कापले गेले, तर भत्ताही कापला. घरमालकाने मात्र भाडं पूर्ण घेतलं! तेव्हापासून कुणी गोड बोललं की कोरीन आधी सावध व्हायची.

थॅड गोड बोलत नव्हता, चिडवायचा. आणि चिडवणाऱ्याचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

"मॅडम, आज पडायचा बेत कितीला आहे? म्हणजे मी मोकळा राहतो."

"तुम्ही तुमचं बघा. मिसेस निएमी तुमच्याबरोबर चालायला तयार नाहीत म्हणे?"

"त्यांना तुम्हीच हव्यात. आवड वाईट नाही त्यांची..."

कोरीनने पेशंटच्या फाईलीत डोकं घातलं. कान मात्र गरम झाले.

मिसेस निएमी म्हणजे खुब्याचं हाड मोडून आलेली म्हातारी. मूळची फिनलंडच्या घराण्यातली, जिभेवर धार. घरामागच्या सॉनापर्यंत, म्हणजे वाफेच्या न्हाणीपर्यंत, स्वतःच्या पायांनी चालत जायचं, एवढा एकच हट्ट. एके दिवशी चालताचालता मध्येच थांबून ती म्हणाली, "त्या दाढीवाल्याला सांग, दारातून चोरून बघू नकोस. आत ये आणि सरळ बघ."

दाराआड काहीतरी धडपडलं. थॅड लालबुंद होऊन आत आला, आणि त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं. मग दुपारची पेस्टी दोघांत एक, कारण गव्हाच्या पारीतलं ते मटण-बटाट्याचं सारण कोरीनला एकटीला संपत नसे. संध्याकाळी गोठत चाललेल्या सरोवराकाठी चक्कर. तिचे हातमोजे पातळ, म्हणून एक हात त्याच्या कोटाच्या खिशात... आधी खिशात, मग त्याच्या हातात.

आणि मग करार संपत आला. उरलेल्या हिवाळ्यासाठी हॉस्पिटलला वॉर्डात एकच थेरपिस्ट हवा होता. दोघांतला एक राहणार, एक जाणार. दोघांना हे ठाऊक होतं, आणि दोघंही त्याबद्दल बोलायचं टाळत होते.

त्या दुपारी शेल्बीचा फोन आला.

"राणी, ऐक. त्या दुसऱ्याच्या एजन्सीने हॉस्पिटलला सांगितलेला दर खाली आणलाय. तूही पगारात थोडं खाली ये, जागा तुझी. आणि हे त्याच्याजवळ बोलू नकोस हं. पगाराचं बोलणं बरं दिसत नाही."

दुसरा म्हणजे थॅड. म्हणजे रोज खिशात हात धरून चालणारा हा माणूस मागच्या मागे तिची जागा स्वस्तात लाटत होता! ती तशीच उठली, कोट न घालता रस्ता ओलांडून पेस्टीच्या दुकानात शिरली आणि तडक त्याच्या टेबलाशी उभी राहिली.

"तुला पैसे किती मिळतात?"

थॅडचा घास हातातच राहिला. या धंद्यातली माणसं पहिल्याच कॉफीला स्वतःच्या घटस्फोटाची कथा सांगून मोकळी होतात, पण पगार? सख्ख्या आईला सांगणार नाहीत.

"कोरीन... असं विचारतात का कधी?"

"मी विचारतेय."

त्याने घास ताटलीत ठेवला. मग फोनवर आपला करार उघडला आणि तिच्यापुढे सरकवला. तिनेही आपला उघडला. हॉस्पिटल तेच, पेशंट तेच. पण त्याची ताशी मजुरी तिच्याहून बरीच वर, शिवाय पेशंट असोत-नसोत, ठरलेल्या तासांचे पैसे नक्की. आणि अनुभव तिचा त्याच्या दुप्पट!

"असं काय केलंस तू?" तिचा आवाज चिरकला.

"काही नाही गं... मागितले. तू?"

"मी थँक यू म्हणाले!"

डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. शेल्बीचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा.

"आणि तरीही तू दर खाली आणलास?" तिने विचारलं. "माझी जागा घ्यायला?"

"मी?" थॅड ताडकन उभा राहिला. "मला सकाळी एजन्सीने सांगितलं की *तू* खाली आलीस! मी काही बोललो नाही, कारण... कारण मला वाटलं, तुला माझ्यापासून सुटायचंय."

एकच थाप, दोन्ही एजन्स्यांची, दोन्ही कानांत. आधी थॅडला हसू फुटलं, मग तिला, आणि मग कोरीनने तिथेच फोन लावला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा.

"शेल्बी, मी एक पैसाही खाली येणार नाही. उलट थॅडला मिळतात तेवढे हवेत. आणि तासांची हमी."

"राणी! तू त्याच्याशी बोललीस? हे नियमाला धरून—"

"कायदा मला बोलू देतो. तुझा नियम तुझ्याकडे ठेव."

"आणि नाही मिळाले तर?"

"तर माझी गाडी दक्षिणेकडे तोंड करूनच उभी आहे."

तिने फोन टेबलावर ठेवला.

"थरथरतेयस," थॅड म्हणाला.

"थंडी आहे."

"आत हीटर चालू आहे, कोरीन."

त्यानेही त्याच्या एजन्सीला तेच सांगितलं. मग काही दिवस कुठल्याच एजन्सीचा फोन नाही. कोरीन जिद्दीने कामाला जात होती, पण खरं सांगायचं तर भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता. पैशांपायी भांडून थॅडला गमावलं तर? पण मान खाली घालून राहिले, तर त्याच्यासमोर उभी राहणारी बाई मी असेन का? म्हणून माघार घ्यायला तिने शेल्बीला फोन केला नाही.

शुक्रवारी सकाळी शेल्बीचाच फोन आला. कोरीन पार्किंगमध्ये होती. समोर थॅड तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. त्याच्या स्वतःच्या गाडीत खोकी भरलेली; करार आज संपत होता.

"जिंकलीस गं बाई! पैसे, तास, सगळं मान्य!"

"आणि थॅड?"

"तो चालला. जागा एकच ना."

हवं ते सगळं मिळालं होतं. कोरीनने त्या खोक्यांकडे पाहिलं.

"जागा दोन आहेत," ती म्हणाली. "घरी सोडलेल्या पेशंटांकडे जाऊन व्यायाम करून घ्यायची जागा इथे कधीची रिकामी आहे. नोटीस बोर्डावर लटकतेय. बर्फात गाडी हाकायला कुणी तयार नाही, थॅड तयार होईल. दोघांना ठेवा. नाहीतर मीही जाते."

"अगं, तो आपल्या एजन्सीचा तरी आहे का?"

"मग त्याच्या एजन्सीला फोन कर. त्यांनी दर किती खाली आणला ते तुला बरं कळलं होतं!"

पलीकडे साखर संपली.

"शेल्बी, लिहून घे. आम्ही जोडीने काम करतो. दोन जागा, नाहीतर एकही नाही."

"जोडी? कधीपासून?"

खरवडण्याचा आवाज थांबला होता. थॅड हातात खरवडणं घेऊन तसाच उभा, दाढीत बर्फ, तोंड उघडं.

"आत्तापासून," कोरीन म्हणाली आणि फोन बंद केला.

"आपण... जोडी आहोत?" त्याने विचारलं.

"हरकत आहे?"

"नाही... पण अटी काय?"

"तासांची हमी."

"किती तासांची?"

"सगळ्या. प्रेम आहे माझं तुझ्यावर, मूर्खा! आता काय करारात लिहून देऊ?"

तेवढ्यात हॉस्पिटलचं दार उघडलं. खिडकीतून सगळं ऐकलेल्या विभागप्रमुख ग्रेटा माकी बाई स्वेटरवरच बाहेर येऊन ओरडल्या, "अरे, दोघांना थांबायचं होतं तर मला का नाही सांगितलंत? मी जानेवारीत माणूस कुठून आणणार होते? थॅड, ती खोकी उतरव. मिसेस निएमी सोमवारी घरी जातेय. तिच्या सॉनापर्यंतची वाट तूच साफ करायची!"

थॅड आनंदाने कोरीनकडे धावला. आयडाहोचा माणूस, जन्म बर्फात गेलेला... आणि नेमका तोच घसरला. कोरीनने झेप घेऊन त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला. तिचेही बूट सरकू लागले.

"सोड, कोरीन! दोघंही पडू!"

"पडलो तर उठू," ती म्हणाली. "सोडणार नाही."