करवंदीच्या जाळीपलीकडे

सुवर्णकड्याच्या पूर्वेकडील बुरुजावर सूर्याची पहिली किरणे पडली, दरीतले धुके हळूहळू विरू लागले आणि गडाच्या पायथ्याशी पसरलेली मोगली छावणी, तिचे तंबू, तोफा नि धुमसत्या चुली यांसह नजरेत भरली. त्याच छावणीतून एक भगवी आकृती, खांद्याला झोळी लावून, निर्धास्तपणे गडाच्या वाटेने वर येत होती.

किल्लेदार रुद्राजीराव खराडे तिच्याकडे टक लावून पाहत होते. ती आकृती म्हणजे त्यांचे सख्खे वडील बंधू. पूर्वी याच गडाचे किल्लेदार असलेल्या सिधोजीरावांनी, एका जिंकलेल्या लढाईवरून परतताना, दरवाज्याबाहेरच्या महादेवापुढे तलवार ठेवली आणि ती पुन्हा उचलली नाही. आता ते निर्वाणगिरी गोसावी होते. त्याच देवळात राहत आणि खालच्या गावात भिक्षा मागत. वेढा पडला, गाव शत्रूच्या हाती गेले, तरी त्यांचा नेम चुकला नाही.

"सरकार," कारभारी गणोपंत हलक्या आवाजात म्हणाले, "काल मोगलांचा सरदार दलपतसिंह घोड्यावरून उतरून यांच्या पाया पडला. हाती असलेला गड कोणी सुखासुखी सोडतो का? आणि सोडलेला परत मिळत असेल तर..."

पंतांनी वाक्य तोडले. पण ते रुद्राजीरावांच्या मनात पुरे झाले. त्यांनी बंधूंना सदरेवर बोलावले.

"गोसावीमहाराज, दलपतसिंहाने काय विचारले?"

"चोरवाट."

"आणि आपण काय उत्तर दिले?"

"वाट ठाऊक आहे, पण दाखवणार नाही."

"ठाऊक नाही म्हणता आले नसते?" रुद्राजीराव उसळले.

"खोटे बोलायचे नाही, असे देवापाशी कबूल केले आहे, रुद्राजी."

"मग वाट दाखवणार नाही, अशी शपथ घ्या. आपल्याला सर्वांत प्रिय असेल त्याची."

"शपथेवर ठेवायला माझे असे काही उरले नाही. जे होते ते देऊन टाकले."

हे उत्तर साधूचे की धूर्ताचे, हे रुद्राजीरावांना उमगेना. त्यांनी बंधूंना जाऊ दिले. मात्र त्या दिवसापासून भरलेली बंदूक हाताशी ठेवून ते स्वतः पश्चिम बुरुजावर पहारा देऊ लागले, कारण चोरवाटेचे तोंड त्याच कड्याखाली, करवंदीच्या दाट जाळीमागे होते.

आणि एका सकाळी त्यांना जे नको होते तेच दिसले. कड्याच्या पायथ्याने निर्वाणगिरी चालत येत होते आणि त्यांच्या मागे मोगलांची हत्यारबंद तुकडी होती.

"पाहिलेत, सरकार?" पंत कुजबुजले.

भाल्याचे टोक गोसाव्याच्या पाठीला टेकलेले होते, हे एवढ्या उंचीवरून दिसत नव्हते. याची पावले जिथे अडखळतील तिथेच वाट असणार, असा दलपतसिंहाचा कयास होता. म्हणून नजरेनेही चुगली करू नये यासाठी निर्वाणगिरींनी डोळे मिटून घेतले होते आणि शिवनाम घेत, खडकाला हात लावत ते चालले होते.

जाळी जवळ आली. ठेच लागून निर्वाणगिरी क्षणभर थांबले.

रुद्राजीरावांनी बार काढला.

गोळी मांडीत शिरली. गोसावी कोसळले, अगदी जाळीच्या तोंडाशी. आता मोगल तिथेच शोधणार, म्हणून रुद्राजीराव घाईने पुन्हा बार भरू लागले. पण रक्तबंबाळ झालेला तो देह हलला. हातांच्या कोपरांवर रेटत, दगडांवरून स्वतःला ओढत, निर्वाणगिरी जाळी ओलांडून सरळ पुढे सरकू लागले. आडवळण नाही, मागे नजर नाही. मोगल त्यांच्या मागोमाग जाळीपुढून निघून गेले. कडा जिथे सरळ दरीत उतरतो तिथे पोचल्यावर गोसावी निपचित पडले.

"दादा!" रुद्राजीराव ओरडले, आणि दुसऱ्याच क्षणी गडावरून दगडगोट्यांचा नि गोळ्यांचा असा मारा सुरू झाला की ती तुकडी जीव घेऊन छावणीकडे पळाली. मोगल दूर गेल्यावर रुद्राजीराव स्वतः खाली उतरले आणि बंधूंना पाठीवर घेऊन देवळात आले. वाड्यावर जायला निर्वाणगिरींनी नकार दिला होता.

"दादा, गोळी माझी होती."

"ठाऊक आहे. दुसरा कोणी असता तर छातीत मारली असती."

रुद्राजीराव त्यांच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखे रडले.

पावसाळा तोंडावर आला तसा दलपतसिंहाने वेढा उठवला. गणोपंतांना रुद्राजीरावांनी काही बोल लावला नाही. चाप आपल्याच बोटाने ओढला होता. बंधूंची जखम भरली, पाय मात्र अधू राहिला. काठी धरून चालता येऊ लागताच निर्वाणगिरींनी झोळी उचलली.

"आता कुठे निघालात? माझ्यावर राग आहे का?"

"राग नाही. तुझा संशय अगदीच खोटा नव्हता, रुद्राजी. सगळे देवाला दिले म्हणालो आणि आपल्याच गडाच्या सावलीत राहिलो. पडल्यावर पहिल्यांदा गड आठवला, देव मागाहून. तेवढे द्यायचे राहिले होते."

ते घाट उतरू लागले. रुद्राजीराव बुरुजावर उभे होते. एकदा तरी दादा मागे वळून पाहतील, म्हणून ते ती लंगडती भगवी आकृती झाडीआड जाईपर्यंत डोळ्यांची पापणीही न लववता पाहत राहिले.

निर्वाणगिरींनी मागे पाहिले नाही.