हुलग्यातला खडा

कट्.

आवाज एवढासाच होता. बाहेर सप्टेंबरचा पाऊस पत्र्यावर वाजत होता, आत दुपारची गर्दी होती, मनकर्णाबाईंची भाकरी थापण्याची थपथप चालली होती. तरीही दानेश्वरीला तो गल्ल्यावर बसल्या जागी ऐकू आला. खानावळ चालवणाऱ्या बाईच्या कानाला हा आवाज बरोबर सापडतो.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक नवं गिऱ्हाईक बसलं होतं. जाड भिंगांचा चष्मा, भिजलेल्या बाह्या आणि घास चावता चावता मध्येच थांबलेला जबडा. पाऊस आला म्हणून माणूस सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या खानावळीत शिरला होता, नाहीतर त्याची वाट वेगळीच होती.

दानेश्वरी उठून त्याच्यापाशी गेली. "काय झालं? खडा लागला काय?"

"नाही... नाही." त्याने तोंडावर हात धरला. "दाढ जरा दुखतीय."

"तसंच असंल. आमच्याकडं खडा निघत नसतोय."

"दाढच आहे," तो म्हणाला.

ती आत गेली आणि वाटीत दोन लवंगा घेऊन आली. "दाढंखाली धरा. बरं वाटंल."

त्याने मुकाट्याने लवंग तोंडात टाकली. उसळीच्या वाफेने चष्मा धुरकटला होता, म्हणून तो काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. भिंगांआडून बाहेर आलेले डोळे चांगले मोठे होते आणि जरासे गोंधळलेले होते. दानेश्वरी गरजेपेक्षा थोडी जास्तच वेळ तिथे उभी राहिली. मग कुणीतरी "दानक्का, भाकरी" म्हणून हाक मारली आणि ती भानावर आली.

तिला सगळी पेठ दानक्का म्हणते. वय चव्वेचाळीस. वडिलांमागे खानावळ तिने ओढली, दोन बहिणींची लग्नं तिने लावली. "स्वतःचं राहून गेलं बिचारीचं," असं लोक म्हणतात. तिला विचाराल तर काही राहूनबिहून गेलेलं नाही, तिला वेळ मिळाला नव्हता इतकंच. आणि तिला दोनच गोष्टींचा अभिमान. एक, आपल्या ताटात खडा निघत नाही. दुसरी, आपले डोळे. गल्लीच्या तोंडाशी कोण वळलं ते ती गल्ल्यावरून सांगायची, आणि तो माणूस उधारी बुडवणारा असेल तर तो जवळ येईपर्यंत तिच्या कपाळावर आठी तयार असायची.

अलीकडे मात्र जवळच्या वस्तूंनी तिच्याशी वैर धरलं होतं. सुईचं भोक बुजलं होतं, फोनवरची अक्षरं कंपनीने बारीक केली होती, आणि कुंभारीहून चनमल्लप्पामामा पाठवायचे ते हुलगेसुद्धा यंदा फारच बारीक निघाले होते.

"अक्का, चाळिशी लागली तुला," मनकर्णाबाई म्हणायच्या. "चष्मा घे की."

"चष्मा घालून बसायला मी काय म्हातारी झाले?"

"म्या झाले की. म्या तर भाकरी बी अंदाजानं थापते. पर हुलगं अंदाजानं निवडता येत न्हाईत, बाई."

दानेश्वरी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

*

तो माणूस दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही. नाव रावसाहेब. हे खरोखरचं नाव, हुद्दा नव्हे. पाटबंधारे खात्यात तो साधा कारकून होता. गाव वेळापूर, बदली सोलापूरला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी तेजश्री पुण्याला शिकत होती. एवढी माहिती मनकर्णाबाईंनी एका भाकरीच्या वेळेत काढून घेतली.

दाढ मात्र त्याची अधूनमधून दुखायचीच. विशेषतः हुलग्याची उसळ असली की दुखायची. दानेश्वरी लवंग आणून द्यायची, तो मान खाली घालून घ्यायचा, आणि दोघांच्याही बोटांना ती वाटी सोडायची घाई नसायची.

मग एके दिवशी ताटं उचलणारा पोऱ्या आला नव्हता म्हणून त्याचं ताट तिनेच उचललं. कडेला कढीपत्त्याची पानं बाजूला काढलेली होती. पान उचललं तर बोटाला खालचं काहीतरी टोचलं. डोळ्यांना काही दिसलं नाही, बोटांना मात्र लगेच कळलं. हुलग्याच्याच रंगाचे खडे... पानाखाली नीट झाकून ठेवलेले.

तिचा चेहरा कानापर्यंत तापला.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसताच तिने समोर वाटी आदळली. आज वाटीत लवंगा नव्हत्या.

"ह्या दाढा तुमच्याच की?"

रावसाहेबांनी वाटीत पाहिलं आणि हळूच चष्मा सारखा केला. "सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि दाढ मोडली असती तर?"

"थोडीशी मोडली. पहिल्याच दिवशी."

"मग परत कशाला आलात?"

त्याने वाटीतला एक खडा बोटाने फिरवला. "लवंग मिळत होती ना..."

हसू आलं होतं, पण आधी राग काढायचा होता. "माझ्या डोळ्यांना काय झालं नाही. ती कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी बघा. खालचा फोन नंबर वाचून दाखवू?" आणि तिने तो घडाघडा वाचून दाखवला.

रावसाहेबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली. "आणि ह्याच्यावरची तारीख?"

तिने पट्टी डोळ्यांसमोर धरली. मग थोडी लांब. मग आणखी लांब... हात सरळ झाला, खांदा ताणला गेला, तरी अक्षरं जागेवर येईनात.

"हितं उजेड नाही," ती म्हणाली.

"उजेड आहे," तो इतक्या हळू म्हणाला की शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं नसेल. "हात संपला."

तिने पट्टी परत दिली. तिला रडू येईल असं वाटलं आणि आलं नाही, कारण त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

*

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तो परत आला. उद्याच्या उसळीचे हुलगे रात्री भिजत घालायचे, म्हणून दानेश्वरी उंबऱ्याजवळ परात घेऊन बसली होती. तो समोरच्या पाटावर बसला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि परातीवर वाकला.

"हे काय करायलाय तुम्ही?"

"मला लहानपणापासून लांबचं दिसत नाही. शाळेत पोरं आंधळा राव म्हणायची. पण जवळचं... हे बघा." त्याने भराभर खडे टिपायला सुरुवात केली. "चष्मा काढला की जवळचं ह्या वयातही चकचकीत दिसतं. तुमचं उलटं झालंय."

"गिऱ्हाइकाकडनं कोण काम करून घेतं का?"

"दाढ वाचवायलोय माझी. तुमचं काम नाही ते."

तिने परात त्याच्याकडे थोडी सरकवली. खडे तो दाराजवळच्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकत होता. त्याच संध्याकाळी तांबूस, मधोमध पांढरी रेघ असलेला एक टपोरा खडा त्याने खिशातून काढून कुंडीत टाकला. "हा माझ्या दाढेचा गुन्हेगार. जपून ठेवला होता."

मग हा रोजचाच नेम झाला. तो खाली मान घालून निवडायचा आणि चष्म्याशिवाय त्याला गल्ली दिसायची नाही, म्हणून ती दिसेल ते सांगायची.

"सिद्धाराम मास्तर यायलेत. छत्री उलटी झालीय. आता रागानं छत्रीलाच बोलायलेत."

"आणि?"

"आणि समोरच्या गच्चीवर दोघं भांडायलेत... नाही, भांडत नाहीत. तुम्ही हुलगे बघा."

तो हसायचा. एकदा मान वर करून म्हणाला, "मला इथून तुम्ही म्हणजे नुसता करडा रंग दिसता. भिंतीचा आणि तुमचा फरकच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी दानेश्वरीने लाल काठाची पिवळी इरकली साडी काढली. त्यानंतर हिरवीगार. त्यानंतर जांभळी. खानावळीत आमटीचे डाग पडतात म्हणून ठेवणीतल्या झालेल्या साड्या एकेक करून बाहेर आल्या.

मनकर्णाबाई चुलीपासून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, एक सांगू? समदं गाव तुला अक्का म्हणतंय. ह्यो एकटाच म्हणत न्हाय. इतकं दिस झालं, कशीच हाक मारीत न्हाय. खोकतोय नुसता."

दानेश्वरीच्या ते कधीच लक्षात आलं होतं. तिने पीठ चाळायला घेतलं.

*

डिसेंबरात विळीवर कांदा चिरताना तिचं बोट कापलं. फार नाही, पण रावसाहेब पहिल्यांदा तिच्यावर चिडले.

"किती दिवस सांगतोय, डोळे तपासून घ्या. खड्यांचं मी बघीन, पण बोटांचं कोण बघणार?" आणि स्वतःचा रुमाल तिच्या बोटाला गुंडाळताना चष्मा नसल्यामुळे ते इतके जवळ वाकले की त्यांचा श्वास तिच्या तळहाताला लागला.

दुसऱ्याच दिवशी कुणालाही न सांगता ती चष्म्याच्या दुकानात जाऊन आली. चष्मा लावला आणि हातातली पावती लख्ख दिसली. आपल्या बांगड्यांची नक्षी दिसली. बोटावरची जखम दिसली. जग इतकं जवळ आलेलं बघून तिला दुकानातच हसू फुटलं. रस्त्याने येताना मात्र ते हसू गळून पडलं. आता खडे आपले आपल्याला दिसणार. मग तो कशाला येईल?

जेवायला येईल की. पण जेवायला तर सगळेच येतात.

घरी आल्यावर तिने चष्मा शेंगदाण्याच्या डब्यात खुपसून ठेवला.

संकट एकटं येत नाही म्हणतात, तसंच झालं. जानेवारीच्या सुरुवातीला चनमल्लप्पामामांनी नव्या हुलग्यांचं पोतं पाठवलं आणि वर फोनही केला. "ताई, यंदा मशिनीवर साफ करून घेतलोय. एक खडा निघाला तर मला विचार."

तिने कडी लावून चष्मा घातला आणि परातभर हुलगे तपासले. मामा खरं बोलत होते. एकही खडा नव्हता.

दानेश्वरी कपाळाला हात लावून बसली. मग उठली, कढीपत्त्याची कुंडी उकरली, मूठभर खडे धुतले, पुसले आणि चष्मा लावून एकेक करून हुलग्यांत कालवले. ज्या बाईने आयुष्यभर खडा निघू दिला नाही, तिने हे केलं. रोज संध्याकाळी खडे परातीत जायचे, रावसाहेब ते वेचून कुंडीत टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा परातीत यायचे. मनकर्णाबाई बघून न बघितल्यासारखं करत होत्या, आणि त्यांच्या बाबतीत हे अवघड काम होतं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरली होती. त्या संध्याकाळी गल्लीत पिपाण्या घेतलेली पोरं फिरत होती. रावसाहेब निवडता निवडता थांबले. बोटांच्या चिमटीत एक खडा होता. तांबूस, मधोमध पांढरी रेघ.

"हा मी चौथ्यांदा निवडतोय," ते म्हणाले.

दानेश्वरी गल्लीकडे बघत राहिली. सांगण्यासारखं तिथे पुष्कळ होतं.

"पहिल्यांदा वाटलं, तसाच दुसरा असेल. पण रोज तेच खडे, आणि तेही धुतलेले..." त्यांनी खडा तिच्यापुढे धरला. "तुम्हाला चष्मा मिळालाय. हो ना?"

"शेंगदाण्याच्या डब्यात आहे," ती पुटपुटली. आता लाजून तरी काय होणार होतं? "घातला असता तर उद्यापासून तुम्ही कशाला आला असता? मला तुमची सवय झालीय. सवय नाही... खोटं कशाला बोलू. संध्याकाळ झाली की मला तुम्हीच हवे असता."

रावसाहेबांनी खडा परातीच्या कडेवर ठेवला.

"कळल्यावरही मी येतच होतो की. रोज तेच खडे निवडत होतो. मी काय इतका खुळा आहे?" त्यांनी हात झटकले. "मला एकच अडचण आहे. खडे दिसतात तेव्हा तुम्ही दिसत नाही, आणि तुम्ही दिसता तेव्हा खडे दिसत नाहीत. कंटाळलोय मी खड्यांना. मला तुम्हाला बघायचंय, रोज. तेजश्रीला सांगितलंय. ती म्हणाली, बाबा, निवडणं-टिपणं येतं हे घरी कधी कळू दिलं नाहीत."

दानेश्वरीला हसू आणि रडू एकदमच आलं. "लोक काय म्हणतील, ह्या वयात..."

"चष्मा काढून ठेवतो. लोक दिसणारच नाहीत."

"आणि मला लांबचे सगळे दिसतात की."

"मग जवळ बघा, दानेश्वरी."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिला हाक मारली होती, आणि पूर्ण नावाने. ती उठून डबा घेऊन आली, शेंगदाणे बाजूला सारून चष्मा काढला आणि नाकावर ठेवला. "कशी दिसते? म्हातारी?"

"थांबा." रावसाहेबांनी घाईने खिशातून आपला चष्मा काढून लावला. परातीच्या पलीकडे पिवळी साडी होती, तिच्यावर लाल काठ होता, आणि त्यावर एक चेहरा होता जो त्यांनी संध्याकाळच्या उजेडात कधी नीट पाहिलाच नव्हता. ते बघतच राहिले.

"मला तुम्ही धूसर दिसायलात ह्यातनं," ती म्हणाली, आणि आणलेला चष्मा काढून मांडीवर ठेवला. आता तिलाही स्वच्छ दिसलं. मोठे, जरासे गोंधळलेले डोळे. पहिल्या दिवशी होते तेच.

"उद्या गड्ड्यावर येता? पाळण्यात बसू," ते म्हणाले. "वरून दिसेल ते सांगा मला."

"चष्मा लावून या. तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मी तुमच्याकडं बघणार आहे."

हुलगे तसेच परातीत पडले होते. कुणीतरी ते नंतर भिजत घातले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन गर्दीत, खानावळीत तोच एवढासा आवाज झाला.

कट्.

सिद्धाराम मास्तर गाल धरून उभे राहिले. "दानक्का, हे काय? तुझ्याकडं खडा?"

कोपऱ्यातल्या टेबलावर रावसाहेबांनी ताटात मान घातली. दानेश्वरी लाल होऊन लवंगा शोधायला आत पळाली. मग मनकर्णाबाईंनीच हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि उत्तर दिलं.

"असायचाच, मास्तर. काल हुलगं निवडताना एकानं चष्मा लावला आन् एकीनं काढला. परातीकडं बघायला कोणच उरलं न्हाय."