शिंजुकूतला उखाणा

हनिमूनला आम्ही टोकियोला जाणार होतो. प्रत्यक्षात नकुल एकटा गेला आणि मी इथे अमेरिकेत, रेडमंडच्या अपार्टमेंटमध्ये बसून तो बघितला. म्हणजे हनिमून. फोनवर.

झालं असं, की नकुलच्या व्हिसाची मुदत त्याच्या कंपनीनं वाढवली. बायकोची वेगळा अर्ज करून वाढवावी लागते, हे तो विसरला. लग्न नवीन आहे, सवय नाही, असं म्हणाला. आता माझा अर्ज लटकलेला, आणि मधेच देश सोडला तर परत येणं कठीण. त्याला मात्र तिकडे ऑफिसचं काम होतंच. "तू टेन्शन नको घेऊ यार, मी तुला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवतो," तो म्हणाला. देवाला नैवेद्य दाखवतात तसं.

त्या दिवशी इथे पाऊस होता. संध्याकाळ म्हणायची ती फक्त घड्याळावरून. बाहेर दुपारपासूनच काळोखलं होतं. शेजारच्या मृणालिनीकाकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या होत्या. मूळच्या नागपूरच्या, सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत भूल देण्यात गेली, आता रिटायर्ड. मी फार बोलत नाही म्हणून मी त्यांना आवडते. आम्ही दोघी दिव्याशी बसलो होतो, तेवढ्यात नकुलचा कॉल आला. तिकडे दुसऱ्या दिवसाची लख्ख सकाळ.

"चारू, हे बघ शिंजुकू!"

मला दिसली त्याची हनुवटी. मग आभाळाचा तुकडा, मग परत हनुवटी.

"फोन उलटा धर," मी म्हटलं.

"हो ना, काय गर्दी आहे!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "लग्नाला किती झाले गं?"

"चार महिने."

"लवकर सुरू झालं तुमचं."

अखेर त्यानं कॅमेरा फिरवला. रस्ता ओलांडणारी शेकडो माणसं, इमारतीएवढे पडदे, न समजणाऱ्या अक्षरांच्या पाट्यांवर पाट्या. मला ते सगळं सावकाश बघायचं होतं. "त्या पडद्याखाली जरा थांब," मी म्हणाले.

"डावीकडे? बरं," तो म्हणाला आणि वळला.

"मी डावीकडे म्हणाले?"

"नाही बाई," काकू म्हणाल्या.

मी माइक तपासला. चालू होता. "नकुल, ऐकू येतंय का?"

"आलो, आलो…" तो हसत होता. "आज काय सुटलीयस यार! घरी तर तोंडातून शब्द काढत नाहीस."

काकूंचा चमचा ताटलीतच राहिला.

तो चालत राहिला. प्रत्येक वळणावर किंचित थांबायचा, कानातल्या इअरफोनला बोट लावायचा, "इकडे?" विचारायचा आणि वळायचा. आधी माणसं विरळ झाली, मग आवाज. दोन इमारतींच्या फटीतून एक जिना खाली जात होता. सकाळ वरच राहिली. खाली बंद शटरांची रांग आणि फडफडणारी एक ट्यूबलाइट.

मी ओरडले. मी कधी ओरडत नाही. "नकुल, वर ये! ती मी नाहीये!"

"इतकं हळू का बोलतेस? इथे कुणी नाहीये…"

मी मेसेज टाकला. तो पडद्यावर उमटला असणारच, कारण नकुलचं बोट क्षणभर आडवं आलं. माशी हाकलावी तसं.

मग त्यानं कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि लाजत म्हणाला, "चारू, आता घे ना. लग्नात घेतला नाहीस."

उखाणा. गृहप्रवेशाला सगळ्यांनी दार अडवून धरलं होतं, नणंद हट्टाला पेटली होती, आणि मी नुसती खाली मान घालून उभी. शेवटी लोकांना भूक लागली म्हणून मला आत सोडलं. नकुल तेव्हा हसला होता, पण त्याला ते लागलं होतं. मला माहीत होतं.

तो वाट बघत राहिला. इथे खिडकीवर पाऊस. तिथे ट्यूबलाइटची गुणगुण. बाकी काहीच ऐकू आलं नाही… आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. माझ्यामुळे तसा कधी उजळला नव्हता.

"वा!" तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

"बंद कर तो फोन," काकू कुजबुजल्या.

मी बंद केला आणि लगेच परत लावला. तो दुसऱ्या कॉलवर होता. पुन्हा लावला. दुसऱ्या कॉलवर. काकूंनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "भूल उतरताना पेशंटला नावानं हाक मारतो आम्ही. कोण मारतंय ते त्याला कळत नाही गं… जिचा आवाज आधी पोचेल, तिच्याकडे येतो."

जेवायच्या वेळी त्याचा मेसेज आला. *मस्त फिरलो. थँक यू चारू, आज खूप बोललीस.* मी झालेलं सगळं लिहून पाठवलं, अगदी जिन्यापासून. त्यानं त्यावर लाल बदाम टाकला.

तो परत येणार त्या दुपारी मी ठरवलं होतं, दारातच बोलायचं. अडखळत का होईना, पण बोलायचं. कॉरिडॉरमध्ये बॅगेची चाकं वाजली. त्याचा आवाजही आला, हलका, गप्पांतला. किल्ली फिरली.

"नकुल, आधी माझं ऐक," मी म्हणाले.

शेजारणीकडे बघून हसावं तसा तो माझ्याकडे बघून हसला. मग दाराला पाठ टेकून बाजूला झाला आणि रिकाम्या कॉरिडॉरकडे तोंड करून म्हणाला, "ये ना आत. तू तर नाव घेतलंयस."

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग दार लावलं, अगदी हळू, कुणाचा पदर अडकू नये तसं.