गाळलेलं पाणी

खाडीचं पाणी आठ वेळा तपासलं. आठही वेळा चांगलं निघालं. मग त्याच पाण्यातल्या कालवांत (खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांत) विष आलं कुठून?

साल २०४३. विष सापडलं म्हणून खाडीतली कालवं काढायला बंदी आली होती. किमयाची आई, वनिता, पंधरा वर्षं तिथल्याच खडकांवर कालवं फोडायची. ती म्हणे, रिपोर्ट खोटा आहे. पुरावा घरातच होता. सातवीतल्या किमयाने शाळेच्या रोबोकडून पाणी तपासून घेतलं होतं. बंदीवरच्या उद्याच्या सुनावणीत आई तेच आकडे मांडणार होती.

रोबोचं नाव निवटा. चिखलावर चालणाऱ्या माशाचं नाव, पण पोटात चिखल गेल्यापासून हा किमयाच्या घरातच बसायचा. किमया आणेल ते पाणी तपासायचा. आज त्याने विचारलं, पाणी भरतेस कसं? तिने सांगितलं, कळशी बुडवते, फडक्याने गाळते, तुला देते. न गाळता पाणी कोण भरतं?

"फडकं आण," निवटा म्हणाला.

भिंगाखाली निळे-हिरवे कण दिसले. जाळ्यांचे, पिशव्यांचे. मायक्रोप्लास्टिक (पाच मिलिमीटरहून लहान तुकडे). मध्येच एकसारखे पांढरे दाणे, कारखान्यात वितळवून वस्तू बनवतात तसले.

निवट्याने तिला डबा आठवायला सांगितला. स्टील घासलं की स्वच्छ. प्लास्टिकच्या झाकणावरचा हळदीचा डाग मात्र जात नाही. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळते. प्लास्टिकही खनिज तेलापासूनच बनतं, ते हळदीला धरून ठेवतं. काही कीटकनाशकं, कारखान्यांची काही रसायनं तशीच. पाण्यात जेमतेम असतात, पण कणांवर साठत जातात (याला अधिशोषण म्हणतात, म्हणजे पृष्ठभागाला चिकटणं). शिवाय प्लास्टिक बनवताना त्यात घातलेली रसायनं हळूहळू बाहेर सुटतात, ती वेगळीच. आणि कालव दिवसभर पाणी गाळूनच पोट भरतं.

"तेही फडकंच. फक्त त्याला कुणी झटकत नाही."

"म्हणजे माझे आकडे खोटे?"

"आकडे खरे आहेत. ते पाणी खाडीचं राहिलं नव्हतं."

किमयाने आईला सगळं सांगितलं. आईने कालवं फोडायचा कोयता पुसून ठेवला. मग म्हणाली, उद्या तू गप्प बसलीस तर कुणाला कळणार आहे?

"काल छोटूनेपण खाल्लीत ती," किमया धाकट्या भावाकडे बघत म्हणाली.

सुनावणीत किमयाने फडकं टेबलावर ठेवलं. बंदी दोन वर्षांनी वाढली. परत येताना कालवं काढणाऱ्या बाकीच्या बायका त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आईही तीन दिवस "जेव" यापलीकडे बोलली नाही.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "ते पांढरे दाणे येतात कुठून?"

निवट्याला कडेवर घेऊन दोघी खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठाने वर गेल्या. कारखान्याच्या पाइपाखाली पांढरा थर साचला होता, साबुदाणा सांडल्यासारखा. आईने पिशवीतून आपलं लुगडं काढलं आणि पाइपाच्या तोंडाला बांधलं.

निवटा म्हणाला, विरघळलेलं विष यातून पार होईल.

"होऊ दे. दाणे तर अडतील," आई गाठ आवळत म्हणाली. "भरलं की हेच सुनावणीच्या त्या टेबलावर नेऊन झटकते."