मेंग आजीचा रेकॉर्डर

बसा नीट, पांघरुणं घ्या. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो नंदन आजही एडमंटनमध्येच राहतो. पण त्याला विचारलंत, तर तो विषय बदलेल.

नंदन मूळचा नागपूरचा. इथल्या युनिव्हर्सिटीत दाऊर लोकांच्या भाषेवर पीएचडी करत होता. हे लोक उत्तर चीनमधले. भाषा मंगोलच्या नात्यातली, पण तिला स्वतःची लिपी नाही. जे आहे ते म्हाताऱ्यांच्या तोंडात. अशी एक म्हातारी, मेंग आजी, नातवाबरोबर एडमंटनला आली होती. तिला शोधलं नंदनने. चायनीज ग्रोसरीत ती भाजी निवडताना पुटपुटत होती आणि याचे कान टवकारले. मग तो नेमाने तिच्याकडे जाऊ लागला. वर्षभराने डिपार्टमेंटमधल्या चित्रालाही त्यानेच तिथे नेलं.

आणि तिथेच माशी शिंकली.

नंदनला आजी शब्द सांगायची. घोडा, नदी, मीठ. चित्रा आली की मात्र गायची. त्यांच्यात लांबच लांब कथागीतं असतात, उचून म्हणतात त्यांना. चित्राला तिने कागदाच्या बाहुल्या करायला शिकवलं, रानभाजीचं सूप आपल्या वाडग्यातून पाजलं. नंदन समोर बसून वहीत लिहायचा, वाडगा. घरी जाताना तो मनात मोजायचा, आज तिला काय दिलं, मला काय.

जानेवारीत आजी हॉस्पिटलमध्ये गेली ती परत आलीच नाही.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी २०११. संध्याकाळी सहाला चित्राचा फोन आला.

"नंदन, माझी गाडी स्टार्टच होत नाहीये. आजीच्या फ्लॅटवर जाशील? उद्या सकाळी फ्लॅट ताब्यात द्यायचाय, चावी बिल्डिंगच्या मॅनेजरकडे आहे. नातवाने सगळं सामान हलवलंय, फक्त माझा रेकॉर्डर खिडकीत ठेवलाय म्हणाला."

"काय आहे त्यात?"

"मी तिच्याकडे ठेवला होता, आठवेल तेव्हा गा म्हणून. शेवटचं उचून त्यातच आहे. दुसरी कॉपी नाही रे."

"जातो," नंदन म्हणाला.

बाहेर उणे चोवीस. तो टोपी, स्कार्फ, सगळं गुंडाळून निघाला. मॅनेजरकडून चावी घेतली तेव्हा सव्वासात झाले होते. फ्लॅट धुऊनपुसून लख्ख. कोरं कार्पेट, कोपऱ्यात इलेक्ट्रिक शेगडी. खिडकीत रेकॉर्डर.

द्यायचाच आहे तर ऐकू तरी, म्हणून त्याने बटण दाबलं. आजी खोकली. मग तिचा पहिला शब्द आला.

"चित्रा..."

पुढचं त्याने ऐकलंच नाही. आपण शोधलेली म्हातारी, आणि मरतानाही नाव तिचं. त्याचा अंगठा आपोआप फिरला. स्क्रीनवर प्रश्न आला, पुसायचं? त्याने हो म्हटलं.

फाइल गेली.

खोली गप्प झाली. त्याला वाटलं होतं, हलकं वाटेल. वाटलं नाही.

मग गाणं सुरू झालं.

रेकॉर्डर त्याच्या हातात बंद होता. गाणं किचनमधून येत होतं. हळू. कामात असलेली बाई गाते तसं.

दिवा गेला.

गाणं थांबलं... कार्पेटवर पाय घासत कोणीतरी आलं. त्याला हलता येईना. श्वास ऐकू आला. अगदी जवळ...

स्कार्फच्या आत काहीतरी शिरलं. खरखरीत. कोमट. कपाळावरून गालापर्यंत आलं, सावकाश... झोपलेल्या पोराच्या तोंडावरून फिरवावं तसं.

तो पळाला. थेट चित्राच्या दारात जाऊन थांबला.

"रिकामा होता," रेकॉर्डर पुढे करत तो म्हणाला, आणि स्कार्फ सोडला.

चित्रा रेकॉर्डर घ्यायची विसरली. "तोंडाला काय लावलंयस?"

त्याने आरशात पाहिलं. कपाळावरून गालापर्यंत काळे पट्टे. काजळी.

चित्राने कॅलेंडर काढलं, तारखा मोजल्या. मग खाली बसली.

"त्यांच्या नव्या वर्षाचा आज सोळावा दिवस. आज घरातली म्हातारी पोरांच्या तोंडाला काजळी लावते. नजर लागू नये, वर्ष चांगलं जावं म्हणून. आपल्या पोरांच्या, नंदन. मागच्या वर्षी याच दिवशी मी दिवसभर तिच्याकडे होते. मला नाही लावली."

तिने वर पाहिलं. ती नजर नंदनने लगेच ओळखली. वर्षभर ती त्याच्याच डोळ्यांत होती.

त्याला सांगायचं होतं. आज मी काय केलं, ते. चित्राने पांढरा टॉवेल दिला, त्याने खसाखसा तोंड पुसलं. एवढं पुसल्यावर काजळी पसरायला हवी होती की नाही? टॉवेलवर चार बोटं उमटली होती. सुटी, सरळ, जराही न फिसकटलेली.

तो टॉवेल चित्राने अजून धुतलेला नाही.