गाडी आधी, रिमोट नंतर

विश्वास ठेवायचा तर ठेवा. टिल्ली साक्षीला आहे, आणि माझ्या या मैत्रिणीला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही.

गेल्या महिन्यातला रविवार. बंद पडलेल्या गोदामामागचं रिकामं पार्किंग. भर दुपार, लख्ख ऊन.

तुम्ही म्हणाल, दुपारी कसली भुतं? मीही तेच म्हणायचे.

गाडी मामाची. रिमोटवरची, पण बॅटरीची नाही, खऱ्या इंधनाची. बुटांच्या खोक्याएवढी आणि आवाज कानठळ्या बसवणारा! मामा गेल्यापासून ती कपाटावर पडून होती. मी मामीमागे भुणभुण लावली.

शेवटी ती म्हणाली, "घे बाई. पण त्यांचा नियम पाळायचा."

नियम साधा. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलट केलं, तर गाडीला कुणाचा धाक राहत नाही. सुटते ती सुटतेच.

"मामी, पाठ आहे गं मला!"

इंजिन बंद करायची मामाची रीत होती. इंधनाची रबरी नळी दोन बोटांत चिमटायची. इंजिन घुसमटून गप्प. दरवेळी बोटं भाजायची. मग फू… फू… करत स्वारी मामीकडे. ती मलम घेऊन तयारच.

"गाडी वाघासारखी चालवता आणि रडता मांजरासारखे!"

त्या दुपारी मी काय चालवली म्हणून सांगू! टिल्ली शूटिंग करत होती. मामी पायरीवर, इंधनाची बाटली मांडीवर घेऊन.

शेवटची फेरी झाली. गाडी माझ्यापुढे घुरघुरत उभी. मी कॅमेऱ्याकडे बघून झुकले आणि स्टाइलमध्ये…

रिमोट बंद केला.

"अगं, गाडी चालू आहे!" टिल्ली ओरडली.

गाडी किंचाळली.

आणि सुटली… थेट मामीकडे.

रिमोट माझ्या हातातून निसटून पडला.

"मामी, ऊठ!"

ती उठलीच नाही. बाटली घट्ट धरून बघत राहिली.

आणि मग…

शांतता.

गाडी मामीच्या पायाच्या अंगठ्याशी थांबली होती. न घसरता, न वळता. जागच्या जागी.

आम्ही धावलो. इंधनाची नळी चपटी झाली होती. दोन्ही बाजूंनी दाबलेली.

धरलेलं कुणीच नव्हतं.

आमच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू गोल झाली… कुणीतरी सोडल्यासारखी.

मग अगदी जवळून…

फू… फू…

टिल्लीने माझा दंड आवळला. मामीने मात्र हात पुढे केला.

"अहो, भाजलं ना? दाखवा बघू."

हात कितीतरी वेळ तसाच राहिला.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी रडत माफी मागायला लागले, पण मामीचं लक्षच नव्हतं.

"पुढच्या रविवारी येऊ या ना गं?"

पुढच्या रविवारी ती माझ्याआधीच पोचली. टिल्ली आली नाही. मामी त्याच पायरीवर. हातात मलम. टोपण काढलेलं.

"आज रिमोट आधी बंद कर," ती हळूच म्हणाली. "चुकून. एकदाच."

मी गाडी चालवली. शेवटी समोर आणून थांबवली. बोट रिमोटच्या बटणावर ठेवलं.

मी खाली बसले आणि नळी चिमटली. इंजिन बंद झालं. मग रिमोट.

बोटं चांगलीच भाजली.

मामीने टोपण लावलं. आणि निघून गेली.

मी तिथेच बसले होते. तेवढ्यात भाजलेल्या बोटांवर…

फू.

गार.

मामी अजून कोपऱ्यापर्यंतच पोचली होती. एका हाकेत मागे वळली असती.

माझ्या तोंडून हाक निघालीच नाही.

आता रोज ती विचारते, "बोटं बरी आहेत का गं?"

आणि मी हात पाठीमागे लपवते.