शेवटच्या टक्क्यावर अडलेले काका

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि चारचौघांत विचाराल तर आजही नाहीच म्हणेन. पण आता आपण दोघंच आहोत. दिवा जरा इकडे सरकवा, सांगतो.

भर दुपारी मागच्या गल्लीतल्या काकूंनी बोलावलं होतं. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा कॉम्प्युटर सुरू केला की दर वेळी आधी डिस्क तपासायला बसायचा. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि मुंगीच्या पावलांनी वर चढणारे टक्के. अलीकडे आतून कटकट असा आवाजही यायला लागला होता, आणि तो आवाज ऐकून मला डिस्कचं काही खरं वाटेना.

"फोटो गेले तरी चालतील," काकू म्हणाल्या. "पण त्यात ह्यांचं एक बोलणं आहे. लग्नाच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर म्हणाले होते, हिच्याशिवाय माझं काही चाललं नसतं. उभ्या जन्मात एकदाच कौतुक केलं माझं. आणि नणंदबाई म्हणतात, आमचा दादा असं बोलणंच शक्य नाही. त्यांना ऐकवायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि मलाही ऐकायचंय रे."

मी विचारलं, "काकू, बंद कसा करता हा?"

"भिंतीतला प्लग ओढते. खोलीतून बाहेर पडताना प्लग काढायचा, ही ह्यांची शिस्त."

मला हसू आलं. रोग सापडला होता. नीट बंद न करता अशी वीज तोडली की मशीनला वाटतं आपलं काहीतरी बिघडलंय, म्हणून पुढच्या वेळी ते सगळं पुन्हा तपासून बघतं. मी हे ऐटीत समजावून सांगितलं.

"म्हणजे अगदी ह्यांच्यासारखंच," काकू म्हणाल्या. "मागच्या दाराची कडी लावली तरी तीनदा ओढून बघायचे. मी 'लावलीय हो' म्हणेपर्यंत पाठ टेकायचे नाहीत."

मी मशीन सुरू केलं. तपासणी लगेच सुरू झाली. अशा वेळी कुठलंही बटण दाबलं की ती टळते, म्हणून मी एक दाबलं, मग दुसरं, मग पेटी वाजवावी तसा दहाही बोटांनी सगळा कीबोर्ड बडवून काढला. टक्के आपले चढतच होते. शेवटी काकूंची नजर चुकवून मीही प्लग ओढला.

डबा उघडून केबल बदलली, डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावून बघितली. लॅपटॉपने ओळखच दाखवली नाही. म्हणजे डिस्कला तिच्याच घरात चालवणं भाग होतं. पुन्हा सगळं जोडलं. या वेळी टक्के चढत चढत नव्व्याण्णववर आले आणि थांबले.

आपण वाट बघतोय की कुणी आपली वाट बघतंय, ते कळेना अशी शांतता पसरली. तापलेल्या धुळीचा वास येत होता. त्यात हळूहळू दाढीच्या साबणाचा वास मिसळला... मी काकूंकडे बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

डिस्क वाजली. कट्... कट्... कट्.

आणि तिकडे स्वयंपाकघरात मागच्या दाराची कडी खडखडली.

"वारा असेल," मी म्हणालो.

"हो, वाराच," काकू म्हणाल्या. "रोज असतो."

बाहेर दोरीवरचे कपडे जराही हलत नव्हते.

पुन्हा कट्... कट्... कट्. पुन्हा कडी. मी खुर्ची मागे सरकवली. काकूंना मात्र भीती वाटण्याऐवजी कंटाळा आलेला दिसला. चाळीस वर्षं एकाच माणसाबरोबर काढली की येतो तसा. जागेवरूनच त्या म्हणाल्या, "लावलीय हो."

पडद्यावर शंभर टक्के झाले. मशीन निमूट सुरू झालं.

जीव मुठीत धरून मी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि ते बोलणं लावलं. काकांचा घसा साफ करण्याचा आवाज आला. मग, "हिच्याशिवाय माझं काही चाललं नसतं." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत काका पुढे म्हणाले, "पण मागची कडी ही कधी नीट लावत नाही."

काकू हसता हसता रडायला लागल्या. मलाही बरं वाटलं, उगाच का खोटं बोलू. नवी डिस्क बसवून दिली. जुनी आता काही कामाची नव्हती, ती पिशवीत टाकून मी दुकानात आणली आणि फळीवर ठेवून दिली.

संध्याकाळी हिशेबाला माझा स्वतःचा कॉम्प्युटर सुरू केला. नवाकोरा. काळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली. टक्के चढले आणि नव्व्याण्णववर थांबले. फळीवरच्या डिस्कला तर एकही तार जोडलेली नव्हती.

"लावलीय हो काका..." मी पुटपुटलो. काही झालं नाही. मी काही त्यांची बायको नव्हे.

मुकाट्याने काकूंना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "खरंच लावलीयस का?"

मी मागे जाऊन बघितलं. दुकानाचं मागचं दार उघडंच होतं. कडी लावली, परत आलो, तर मशीन सुरू झालेलं.

"झालं, काकू."

मग त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडे आहेत होय... तरीच. तू गेल्यापासून इकडे कडी वाजलीच नाही. मला कसंतरीच होत होतं. उद्या आणून दे त्यांना."

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी डिस्क नेऊन दिली. काकूंनी ती मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली. त्यांच्याकडे आता पूर्वीसारखंच सगळं चालू आहे म्हणतात.

मलाही एक सवय लागलीय. दुकान बंद करताना मागची कडी दोनदा ओढून बघतो आणि वळतो. तिसऱ्यांदा ती माझ्या पाठीमागे वाजते.